संगणकाची हरवलेली किल्ली

बीड जिल्ह्यातील एक माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. गेवराईची म्हणा, केजची म्हणा, नाही तर आष्टी-पाटोद्याकडील डोंगरपट्ट्यातली म्हणा. शाळेत दहा संगणकांची एक खोली आहे. विजेचा दाब कमीजास्त होतो, उन्हाळ्यात पत्रे तापतात आणि काळ्या रानातली धूळ यंत्राच्या पंख्यात जाऊन बसते. अशा ठिकाणी दहांपैकी एखादा संगणक मध्येच बंद पडावयाचा, यात नवल नाही. कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, पुन्हा बसवावी असे ठरते. गुरुजी काम सुरू करतात, आणि थोड्याच वेळात पडद्यावर मागणी येते : पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की भरा.

ही पंचवीस अक्षरे यंत्राच्या पेटीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेली असत. आता तेथे बोटांनी घासून पांढरा पडलेला एक तुकडा उरला आहे. पावती सापडत नाही, पुरवठादाराचा फोन लागत नाही. शाळेच्या सादिल खर्चात नवा परवाना बसणे कठीण. चाळीस मुलांच्या तुकडीला दहाऐवजी नऊच यंत्रे उरणार, की यातून काही मार्ग आहे?

मार्ग बहुधा असतो. पण तो शोधण्यापूर्वी एक गोष्ट करावयाची नाही : जुनी डिस्क पुसून टाकावयाची नाही. कित्येक शाळांत नेमके हेच आधी होते, आणि किल्लीचा शोध नंतर सुरू होतो. डिस्क पुसली की शोधण्याच्या जागांपैकी एक कायमची नाहीशी होते.

किल्ली म्हणजे पावतीचा क्रमांक

‘की’ हा शब्द थोडा फसवा आहे. तो ऐकून आपल्याला वाटते की कोठे तरी कुलूप असेल आणि ही अक्षरे फिरवली की ते उघडत असेल. प्रत्यक्षात कार्यप्रणालीच्या तबकडीवर संपूर्ण सूचनावली आधीच असते. किल्लीमुळे तिच्यात काही वाढत नाही की उघडत नाही. किल्ली फक्त एवढेच सांगते की या प्रतीचे पैसे कोणी तरी भरले आहेत. म्हणजे ती एक पावती आहे. मात्र ही पावती खरी की खोटी, हे यंत्राला माणसाच्या मदतीवाचून ठरवावे लागते. गंमत येथेच आहे.

विंडोज ९५ ही कार्यप्रणाली १९९५ साली आली. तिच्या दुकानी प्रतीची किल्ली दहा अंकांची होती. पहिले तीन अंक, मग आडवी रेघ, मग सात अंक. पहिल्या तीन अंकांवर काही किरकोळ बंधने होती. शेवटच्या सात अंकांचा मुख्य नियम असा की त्यांच्या बेरजेला ७ ने नि:शेष भाग जावा. आता १, २, ३, ४, ५, ६, ७ यांची बेरीज करा. २८ आली ना? म्हणजे हा क्रमांक त्या नियमात बसतो! सहज मनात येतील ते सात अंक लिहिले तरी सुमारे सातांतून एकदा बेरीज जुळणार. ही पावती तपासणे सोपे होते, पण ती बनवणेही तितकेच सोपे होते. ज्याला तपासणीचा नियम कळला त्याला पावत्या छापण्याचाच छापखाना मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे २००१ साली विंडोज एक्स्पी आली, २००९ मध्ये विंडोज ७ आली. त्यांच्या किल्लीत पंचवीस अक्षरे असतात आणि प्रत्येक जागी चोवीस चिन्हांपैकी कोणतेही एक येऊ शकते. अशा एकूण किल्ल्या किती?

अशा मोजणीचा आपल्याकडे मोठा वारसा आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या, म्हणजे इसवी सन ११५० च्या, सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे एक प्रकरण आहे. त्यात ते विचारतात : विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही आलटूनपालटून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? उत्तर ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू दिल्या तर? ३६,२८,८००. (भास्कराचार्यांनी आपले गाव विज्जडविड असे सांगितले आहे. ते म्हणजे आजचे बीड असे मानणारे अभ्यासक आहेत आणि चाळीसगावजवळचे पाटण किंवा दुसरे गाव मानणारेही आहेत. तो वाद येथे नको. बीडच्या मुलांनी हे उदाहरण मात्र अवश्य सोडवावे.)

आपल्या किल्लीत एकच चिन्ह पुन:पुन्हा येऊ शकते. म्हणून येथे प्रत्येक जागेला पूर्ण २४ ने गुणावयाचे : २४ × २४ × २४ ... असे पंचवीस वेळा. गुणाकार येतो सुमारे ३२ वर ३३ शून्ये, एकूण पस्तीस अंकी संख्या. समजा, यांपैकी हजार कोटी किल्ल्या खऱ्या आहेत, आणि आपले यंत्र दर सेकंदाला एक कोटी किल्ल्या अंदाजाने तपासते. तरी एक खरी किल्ली हाती लागावयास सरासरी हजार कोटी वर्षे जातील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, हे लक्षात घ्या.

पण नुसती संख्या मोठी असून भागत नाही. विंडोज ९५ सारखा बेरजेचा नियम ठेवला असता तर पस्तीस अंकी संख्येतही खोट्या किल्ल्या हव्या तेवढ्या करता आल्या असत्या. म्हणून या किल्लीत सहीची सोय केलेली असते. ही सही गणिती आहे. तिची दोन अंगे : सही करण्याची गुप्त संख्या, जी कंपनीकडेच राहते, आणि सही ओळखण्याची उघड संख्या, जी प्रत्येक तबकडीवर असते. उघड संख्येवरून गुप्त संख्या काढणे व्यवहारात अशक्य ठरावे, अशीच त्यांची रचना असते. तहसीलदारांचा शिक्का आपण सगळे ओळखतो. ओळखता येतो म्हणून तो कोणाला कोरता येत नाही, तसेच हे. तेव्हा हरवलेली किल्ली गणिताने पुन्हा ‘काढून’ देतो असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. ती कोठे तरी लिहिलेली असेल तरच परत मिळते.

पुसट कागद वाचण्याची युक्ती

तर मग प्रथम त्या घासलेल्या कागदाकडेच पुन्हा वळू. जुन्या लॅपटॉपला हा कागद खालच्या बाजूस किंवा बॅटरीच्या खोबणीत असतो; खोबणीतला कागद पुष्कळदा शाबूत निघतो. मोठ्या यंत्राचा कागद पेटीच्या बाजूला असतो. खोलीत अंधार करा, विजेरी अगदी तिरपी धरा, आणि मोबाइलने निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घ्या. मग छायाचित्रातील काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवून पाहा. डोळ्याला न दिसलेल्या रेषा अशाने उमटतात. कागद ओल्या फडक्याने पुसावयाचा मोह टाळा; उरलीसुरली शाईही त्याने जाते.

आता अक्षरे लावू. यासाठी ती चोवीस चिन्हे माहीत हवीत. एक्स्पी ते विंडोज ७ या काळातील किल्ल्यांत बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय ही सतरा इंग्रजी अक्षरे आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९ हे सात अंक येतात. (विंडोज ८ पासूनच्या किल्ल्यांत ‘एन’ हे अक्षरही येते, पण त्या किल्ल्या कागदावर क्वचितच सापडतात. त्याचे कारण पुढे येईल.)

कोणती चिन्हे गाळली आहेत ते पाहा, म्हणजे या निवडीमागची हुशारी कळेल. शून्य आणि ‘ओ’ सारखे दिसतात, म्हणून दोन्ही नाहीत. एक, ‘आय’ आणि ‘एल’ यांचा घोटाळा होतो, म्हणून तिन्ही नाहीत. पाच आणि ‘एस’ दोन्ही नाहीत. दोन ठेवला, पण त्याच्यासारखा दिसणारा ‘झेड’ नाही. स्वर तर एकही नाही; स्वरच नसल्यामुळे किल्लीत चुकून एखादा भलता शब्द तयार होण्याचा संभव कमी होतो.

याचा उपयोग असा. कागदावर गोल वाटोळे दिसले आणि तुम्ही शून्य वाचलेत, तर ते नक्की चूक आहे. ते ‘डी’, ‘क्यू’, ‘जी’ किंवा ‘सी’ यांपैकी असेल. ‘ई’ दिसली तर ती ‘एफ’ समजा, खालची रेघ कागदाची घडी असेल. ‘यू’ दिसला तर तो ‘व्ही’. ‘झेड’ दिसला तर तो दोन. उभी दांडी दिसली तर ती ‘टी’ची, ‘जे’ची किंवा सातची उरलेली दांडी असावी. खरी पंचाईत ‘बी’ आणि आठ यांच्यात होते, आणि ‘जी’ व सहा यांच्यात. कारण ही चारही चिन्हे किल्लीत येतात. अशा दोन जागा शंकास्पद असतील तर शक्यता फक्त चार. चारही भरून पाहाव्यात.

एक अक्षर पूर्ण पुसले गेले असेल तर २४ शक्यता. एकेक भरावयास अर्धा मिनिट धरले तर बारा मिनिटांचे काम. दोन अक्षरे गेली तर २४ × २४ = ५७६ शक्यता, म्हणजे पावणेपाच तासांहून थोडे अधिक; दोघा-तिघा विद्यार्थ्यांनी पाळी लावून एका रविवारी होण्यासारखे. तीन गेली तर १३,८२४ शक्यता आणि सुमारे ११५ तास. येथे आपण हात टेकावे. चुकीचे अक्षर भरले तर गणिती सही जुळत नाही आणि यंत्र तत्काळ नकार देते. जी सही खोटी किल्ली बनवू देत नाही, तीच खऱ्या किल्लीचे हरवलेले अक्षर ओळखावयास मदत करते!

अर्थात हे सारे आपल्याच यंत्रावरच्या, आपणच पैसे भरलेल्या कागदासाठी आहे, हे वेगळे सांगावयास नको.

डिस्कमधली नोंद

कागद पार गेला असेल तर जुन्या डिस्ककडे जाऊ. विंडोज स्वत:च्या सगळ्या मांडणीची एक मोठी नोंदवही ठेवते. तिला रजिस्ट्री म्हणतात. विंडोज ७ पर्यंतच्या यंत्रांत बसवताना भरलेली किल्ली या नोंदवहीत असते, पण सरळ अक्षरांत नसते. ती चोवीसच्या पायाच्या संख्येतून द्विमान संख्येत बदललेली असते. तुम्ही दशमान संख्या द्विमानात करता, त्याच जातीचे हे रूपांतर आहे. ते उलट करणारे छोटे प्रोग्राम मिळतात. यंत्र सुरू होत नसले तरी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून ही नोंद वाचता येते.

येथे एक खाच आहे, आणि ती माहीत नसल्याने पुष्कळ जण फसतात. मोठ्या कारखान्यातून विंडोज ७ घालून आलेल्या यंत्रांत रजिस्ट्रीमधली किल्ली कागदावरच्या किल्लीहून वेगळी असते. कारखाना हजारो यंत्रांवर एकच सामाईक किल्ली वापरतो, आणि ती त्या कारखान्याच्या यंत्रांतील खुणेशी जुळली तरच चालते. ती उतरवून घेऊन साध्या तबकडीने केलेल्या नव्या बसवणीत भरली तर उपयोग होत नाही. अशा वेळी कारखान्याने दिलेली मूळ प्रत, किंवा डिस्कवरचा पुन्हा बसवणीचा राखीव भाग, हाच मार्ग. म्हणून म्हटले, डिस्क आधी पुसू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. विंडोज ७ ची किल्ली मिळाली म्हणून आनंद करावा, पण त्या यंत्राला इंटरनेट जोडू नये. सर्वसाधारण ग्राहकांसाठी तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० च्याही नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत.

सातबाऱ्यासारखी किल्ली

विंडोज ८ आली २०१२ साली, आणि कागदाची कटकट बरीच संपली. तेव्हापासून कारखान्यातून विंडोज घालून येणाऱ्या यंत्रांची किल्ली मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डावरच्या, एका चिपमध्ये लिहिलेली असते. यंत्र चालू होताना ज्या प्राथमिक सूचना वाचल्या जातात, त्यांच्याच शेजारी ती असते. डिस्क जळाली, नवी घातली, तरी किल्ली जागच्या जागी. त्याच आवृत्तीची कार्यप्रणाली पुन्हा बसवताना यंत्र ती स्वत:च वाचते आणि तुम्हाला विचारतही नाही. पेटीवरच्या कागदावर मग किल्ली छापण्याचे कारणच उरले नाही. तेव्हा नव्या यंत्रावर किल्ली दिसत नाही म्हणून घाबरू नका.

२०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आणखी एक पाऊल पुढे पडले. ते समजावयास आपल्या सातबाऱ्याचे उदाहरण फार सोयीचे आहे. तुमच्या घरातला सातबाऱ्याचा कागद उंदराने कुरतडला, तर जमीन जाते काय? जात नाही. कारण मूळ नोंद महसूल दप्तरात असते आणि आपल्या हातातला कागद हा तिचा उतारा असतो. गट नंबर सांगितला की दुसरा उतारा निघतो. याउलट शंभराची नोट जळाली तर ती गेली. तिची नोंद तुमच्या नावावर कोठेच नसते.

जुनी छापील किल्ली पुष्कळशी नोटेसारखी होती. आताचा डिजिटल परवाना सातबाऱ्यासारखा आहे. यंत्रातील निरनिराळ्या भागांच्या ओळखखुणांवरून एक ठसा गणिताने तयार होतो आणि तो कंपनीच्या दप्तरात परवान्यासह नोंदला जातो. पुन्हा बसवताना पडद्यावर किल्ली मागितली, तर तेथेच ‘माझ्याजवळ किल्ली नाही’ असा पर्याय असतो. तो निवडावा, पूर्वीचीच आवृत्ती निवडावी (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो; येथेच चूक होते), आणि बसवून झाल्यावर यंत्र थोडा वेळ इंटरनेटला जोडावे. ठसा दप्तराशी जुळला की काम झाले. शाळेत जोडणी नसेल तर मोबाइलवरून दिलेली पुरते.

मग गट नंबरच बदलला तर? म्हणजे विजेच्या धक्क्याने मुख्य पाटी जळाली आणि नवी घातली तर? तेव्हा ठसा जुळत नाही. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेला परवाना असेल आणि तो आधीच शाळेच्या खात्याशी जोडलेला असेल, तर तो नव्या पाटीवर नेता येतो. यंत्राबरोबर आलेला परवाना मात्र सहसा त्या यंत्राबरोबरच संपतो. उत्पादकाने दुरुस्तीत पाटी बदलून दिली असेल तर त्याच्याकडेच विचारावे. शाळेला संगणक एखाद्या योजनेतून एकगठ्ठा मिळाले असतील तर परवानाही एकगठ्ठा असू शकतो. अशा वेळी किल्ली शाळेत कधी नव्हतीच. ती पुरवठादाराच्या किंवा कार्यालयाच्या कागदपत्रांत शोधावयाची.

गुरुजींसाठी एक सूचना. खुर्च्या, टेबले, घंटा यांची नोंद आपण डेडस्टॉक रजिस्टरात करतो. त्यातच प्रत्येक संगणकापुढे आवृत्तीचे नाव, किल्ली किंवा खात्याचे नाव आणि परवान्याचा प्रकार यांसाठी एक रकाना वाढवावा. पेटीवरच्या कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. खर्च काहीच नाही.

आणि काहीच सापडले नाही तर? बाजारात तबकडीबरोबर ‘किल्लीशिवाय चालवून देतो’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्या प्रोग्रामला यंत्रात पूर्ण मोकळीक द्यावी लागते, आणि त्याबरोबर व्हायरस येणे हा नित्याचा प्रकार आहे. शिवाय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार माहीत असून चोरटी प्रत वापरणे हा गुन्हा आहे. त्यापेक्षा लिनक्स बसवावी. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहावयास घेतला. तिच्या परवान्याने वापरण्याची, वाटण्याची आणि बदलण्याची मुभा सगळ्यांनाच दिली असल्यामुळे कोणी पावती मागतच नाही. आपल्या सी-डॅक या संस्थेने २००७ पासून ‘बॉस’ या नावाने तिची भारतीय आवृत्ती दिली आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. दहावीपर्यंतच्या बहुतेक कामांना ती पुरते, असे माझे मत आहे.

करून पहा

विंडोज एक्स्पीच्या वेळी इंटरनेट नसलेल्या गावातून नोंदणी फोनवर करता येई. यंत्र पन्नास अंकी क्रमांक दाखवी आणि तो सहा-सहा अंकांच्या गटांत वाचून दाखवावा लागे. शेवटी दोन अंक उरत. वाचताना चूक होणारच, म्हणून प्रत्येक गटाचा सहावा अंक तपासणीचा होता. नियम असा : पहिल्या पाच अंकांपैकी दुसरा व चौथा दुप्पट करा, सगळ्यांची बेरीज करा, ७ ने भागा. बाकी राहील तो सहावा अंक. उदाहरणार्थ ०, ०, २, ६, ६ घ्या. बेरीज ० + ० + २ + १२ + ६ = २०. बाकी ६. म्हणून गट ००२६६६.

आता ४, १, ७, ३, २ घ्या. बेरीज २१, बाकी ०. कोणी घाईत पहिले दोन अंक उलटे वाचले, १, ४, ७, ३, २, तर बेरीज २४, बाकी ३. चूक पकडली गेली. विंडोज ९५ च्या साध्या बेरजेने ती पकडली गेली नसती. पण पहिला आणि तिसरा अंक एकमेकांच्या जागी गेले तर? सातच्या जागी शून्य वाचले तर? बेरीज करून पाहा; दोन्ही चुका निसटतात. आणखी कोणत्या अंकांची अदलाबदल निसटेल, आणि दुप्पट करण्याऐवजी पाच जागांना कोणत्या संख्यांनी गुणले असता पहिल्या-तिसऱ्याची चूकही पकडता येईल, हे वहीत मांडून वर्गात ताडून पाहा.